उद्यमनगरच्या काकांना थँक्यू, बाणांसाठी

काका नमस्कार,

समोर बोललो असतो तर तुम्ही "बास की आता, च्या घे" म्हणून विषयच संपवला असता, म्हणून इथं सगळ्यांपुढं लिहितोय. रोल केलेला मॅग्नेशियमचा पत्रा तापल्यावर कुठल्या दिशेला किती पसरतो हे आम्ही मोजतोय, त्यासाठीच्या पट्ट्या तुम्ही कापून दिल्या.

मॅग्नेशियम म्हटलं की लोक आधी आगीचं बोलतात. तुम्ही कोरड्या वाळूची बादली मशीनजवळ ठेवली, पाण्याचं कूलंट (कापताना गार ठेवायला सोडतात ते) बंद केलं आणि लागला कामाला. एझेड३१ चा पत्रा, म्हणजे मॅग्नेशियममध्ये साधारण ३ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि १ टक्का झिंक. हलका म्हणून सगळे कौतुक करतात, पण तापला की पसरतोय पण दाबून, १ मीटरची पट्टी १०० डिग्रीनं तापवली तर २.६ मिमीच्या आसपास वाढते, साधं स्टील १.२ मिमी.

आता रोलिंगनं त्यात काय होतं, तर रोलरखालनं गेल्यावर आतले षटकोनी क्रिस्टल बहुतेक एकाच पद्धतीनं झोपतात, पत्त्यांचा कॅट टेबलावर आडवा ठेवल्यागत, त्यामुळं लांबीतली वाढ आणि जाडीतली वाढ जरा वेगळी निघते. जरा म्हणजे खरंच जरा. जस्ताचा क्रिस्टल एका दिशेला दुसरीपेक्षा चौपटीच्या आसपास पसरतो, मॅग्नेशियममध्ये तसलं काही नाही. एवढुसा फरक पकडायचा आणि कापतानाच पट्टी तापली, वाकली किंवा दिशा उलटसुलट झाली तर संपला की विषय.

आणि तुमचा पहिलाच प्रश्न काय, तर "रोल कुठल्या बाजूनं झालाय?" मग प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यावर स्क्रायबरनं (धातूवर ओरखडायच्या टोकदार हत्यारानं) रोलिंगच्या दिशेचा बाण. मार्करची शाई भट्टीत उडून गेली असती, बाण राहिले.

रोलिंगचा ताण पत्र्यात अडकून असतो, तो पहिल्या तापवणीत सुटतो आणि लांबी कायमची थोडी बदलते, म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या तापवणीचे लांबीचे ग्राफ एकमेकावर बसत नाहीत. आमचे पण नाही बसले. सरांनी लगेच कटिंगवर संशय घेतला, तेव्हा तुम्ही किती सावकाश, किती कमी फीडनं (कटर पुढं सरकवायच्या वेगानं) कापलंय ते मी ठासून सांगितलं, नाद खुळा काम आहे तुमचं!

जाडीच्या दिशेचं अजून राहिलंय. पत्रा पातळ, त्यामुळं चकत्या एकावर एक रचून मोजाव्या लागणार, दोन्ही बाजू एकदम सपाट आणि बर (कापल्यावर कडेला राहणारी धातूची बारीक कूस) अजिबात नको. सोमवारी पत्रा घेऊन येतो. आणि ह्या वेळी पैसे घ्यायचे, "पोराकडनं कसले पैसे" चालणार नाही.