सिस्टर कोणाच्या हाताखाली?

महोदय,

सिस्टरांच्या शाळा-दवाखान्यांबद्दल बोलताना 'त्या फादरांच्या हाताखाली असतात' असे आपण सहज म्हणतो. नाते इतके सरळ नाही. कॅथलिक धर्मबंधूंच्या डॉमिनिकन संघाचेच घ्या. संत डॉमिनिक यांनी फ्रान्समध्ये प्रुई येथे स्त्रियांचा मठ १२०६ मध्ये वसवला. पुरुषांच्या संघाला पोपची मान्यता मिळाली १२१६ मध्ये. म्हणजे बहिणी आधी, भाऊ नंतर! आजही मठात राहून प्रार्थनेला वाहून घेतलेल्या नन संघाच्या मुख्य अधिकाऱ्याशी थेट जोडलेल्या असतात. शाळा, रुग्णालये चालवणाऱ्या डॉमिनिकन सिस्टरांचे मात्र अनेक स्वतंत्र समूह आहेत. त्यांची घटना वेगळी, प्रमुख त्यांनीच निवडलेली, पैशाचा हिशेबही त्यांचाच. संघाशी समान असते ती परंपरा आणि नाव.

जुन्या गोव्यातला सांता मोनिका मठ पाहायला जाणाऱ्यांनी याची दुसरी बाजू लक्षात घ्यावी. १६०६ मध्ये तो आर्चबिशप मेनेझिस यांच्या पुढाकाराने उभा राहिला. ते स्वतः ऑगस्टिनियन, म्हणजे संत ऑगस्टिन यांचा नियम पाळणाऱ्या पुरुषांच्या संघाचे; मठाचा नियमही ऑगस्टिनचाच. पुढे १८३४ नंतर पोर्तुगीज सरकारने पुरुषांचे संघ मोडीत काढले. शेजारच्या टेकडीवरचे ऑगस्टिनियन गेले, नन मात्र राहिल्या. पण नव्या मुली घेता येईनात, आणि एकोणिसाव्या शतकातच मठ ओस पडला.

आपल्या वार्ताहरांनी 'चर्चच्या सिस्टर' एवढ्यावर न थांबता कोणत्या समूहाच्या, हेही बातमीत द्यावे.

– एक वाचक, वसई