मास्तर, पांढऱ्या नाडीच्या पिशवीबद्दल

मास्तर, नमस्कार.

तुमच्या तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही शिलाई मशीन जोरात चालवता आणि म्हणता, "वहिनी, चिंध्याच तर होत्या, उद्या कचऱ्यातच जाणार होत्या." म्हणून हे चारचौघांत लिहिते. नातू वाचून दाखवेल, तेव्हा मधेच उठून जाऊ नका.

लेकीला सातवा लागला होता तेव्हा मी पहिल्यांदा तुमच्या दुकानात चिंध्या मागायला आले. हातात घ्यायची पिशवी घेऊन आले होते, तुम्ही पोतंच दिलंत. टू बाय टूचे ब्लाउजचे तुकडे, पॉपलीन, खणाच्या पट्ट्या, शाळेच्या गणवेशाचं टेरीकॉट, सगळं एकात. मी रंग बघत सुटले. चार-चार इंचांचे चौकोन कापले, मशीनवर जोडले, खाली आईच्या जुन्या नऊवारीचे तीन थर घातले आणि दुपटं तयार केलं. दिसायला झकास. पहिल्या धुण्यात लाल ब्लाउजपीसने सगळ्यांना गुलाबी करून टाकलं. सुती तुकडे आटले, टेरीकॉट होतं तेवढंच राहिलं, आणि अख्खं दुपटं तळलेल्या पापडासारखं वेडंवाकडं झालं. लेक म्हणाली, "आई, छान आहे." त्या 'छान'वरूनच कळलं.

ते तुमच्याकडे आणलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत, याबद्दल वेगळे आभार. दोन तुकड्यांमधून एकेक दोरा ओढलात आणि काडी लावलीत. सुती दोऱ्याचा कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरल्यावर राख झाली. दुसरा, टेरीकॉटचा, आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी धरला. "हा मणी बाळाच्या अंगाला नको," एवढंच बोललात. लाल-मरून कापड वेगळं भिजवून, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं, हेही तेव्हाच सांगितलंत. मला वाटतं, ही काडीची परीक्षा शाळेत शिकवायला हवी. असो.

तुम्ही मूळचे कर्नाटकातल्या हल्याळकडचे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तिकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, ती तुम्ही लहानपणी पाहिलेली. पूर्वी कधीतरी आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या वंशजांची ही वस्ती, आणि जुन्या लुगड्यांची, शर्टांची त्यांची ही गोधडी. मी आधी तुकडे जोडून मग थर लावत होते, तिथेच माझं चुकत होतं. त्या बायका एका कोपऱ्यापासून सुरू करतात. तुकडा थेट पायाच्या कापडावर ठेवायचा, कड आत दुमडायची, धावदोरा घालायचा, पुढचा तुकडा त्याला चिकटून. असं कडेकडेने फिरत फिरत आत, मधोमध येऊन संपायचं. यात मापाचे चौकोन लागत नाहीत. काखेचा अर्धगोल तुकडा, गळ्याची फाक, दोन बोटांची पट्टी, सगळं चालतं. टाके सगळे थर पकडून जातात, म्हणून आत गोळे होत नाहीत. आणि कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांचं फूल. ते नसलं तर कवंदी उघडीनागडी म्हणतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी मनात म्हटलं, आमच्या दुपट्याला खणाचा त्रिकोण लावायचा तो हट्ट उगीच नव्हता.

पण आभार खरे आहेत ते पिशवीचे. त्यानंतर दर महिन्याला तुमच्याकडून पांढऱ्या नाडीने बांधलेली पिशवी येत गेली. मला वाटायचं, दुकान झाडलं की भरत असाल. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, पाय ठेवायला जागा नाही इतके कपडे पडलेले असताना, रात्री साडेदहाला मी फॉल लावलेली साडी न्यायला आले. शटर अर्धं खाली होतं. तुम्ही जमिनीवर बसून चिंध्या निवडत होता. सुती तुकडे पांढऱ्या नाडीच्या पिशवीत, बाकीचं काळ्या नाडीच्या. हुक, जर, गोंडे कात्रीने काढून बाजूला. मला बघून म्हणालात, "साडी खुंटीला आहे."

वर्षभरात अकरा दुपटी झाली. मला आलेल्या एकाही पिशवीत तो मणी धरणारा दोरा निघाला नाही.

बारावं तुमच्या पणतीसाठी शिवलंय. तीन कोपऱ्यांना फुलं लावली आहेत. चौथा मोकळा ठेवलाय आणि सुई तिथेच खोचून ठेवली आहे. शनिवारी दुकानात घेऊन येते. त्या दिवशी मशीन जरा बंद ठेवा.

तुमची,
पांढऱ्या नाडीची गिऱ्हाईक