माडीवरच्या फणसाच्या फळ्या

ती. सुतारकाकांस,
सा. नमस्कार.

हे पत्र नातवाकडून वाचून घ्या. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण कोकणातली जुनी घरं दुरुस्त करायला निघालेल्या आणखी चार जणांना तुमचं काम कळावं असं मला मनापासून वाटतं.

आईला राहता यावं म्हणून माडी नीट करायला काढली, तेव्हा कौलं सरकून गळलेल्या पाण्यानं जमिनीच्या मधल्या आठ फळ्या कुजल्या होत्या. आधीचा ठेकेदार म्हणाला, सगळं उपटा, टाइल घाला. बाकीचे म्हणाले, साग आहे, नवा साग आणा. मी सागाचा भावसुद्धा काढून आलो होतो. तुम्ही काही न बोलता कोपऱ्यातल्या फळीवर रंधा फिरवलात आणि काळपट तपकिरी थराखालून हळदीसारखं पिवळं लाकूड वर आलं.

"फणस आहे हा. यात साग घातलात तर ठिगळ कायम दिसणार."

नवा फणस मी रंगवून जुळवायला निघालो होतो. तेही तुम्ही थांबवलंत. उजेड आणि हवा लागून तो आपसूक गडद होतो. आज रंग लावून जुळवला तर उद्या जुन्यापेक्षा काळा दिसेल, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या डोक्यातही नव्हतं. मग कोठीच्या खोलीतल्या जुन्या फळ्या तुम्ही मधोमध आणल्यात आणि नव्या कोठीत घातल्यात, जिथे कोणाची नजर जात नाही. घडीव चौकोनी खिळे एकेक करून काढलेत, एकही फळी चिरली नाही. जोड एका रेषेत येऊ दिले नाहीत. जाडी कमी-जास्त होती तिथे फळी खालून, आधाराच्या लाकडी कडीवर टेकते तेवढीच तासलीत. वरून रंधा लावला नाहीत. आजीच्या पावलांनी आलेली ती झिलई तशीच राहिली, काका. यासाठी तुमचे आभार कसे मानू ते मला कळत नाही.

पावसाळ्यात फळ्या बसवणार नाही म्हणालात तेव्हा मी चिडलो होतो. चार महिने नव्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून माडीवरच रचून ठेवल्यात, दिवाळीनंतर बसवल्यात आणि फळी-फळीत पोस्टकार्ड जाईल एवढी फट सोडलीत. तेव्हा बोललो त्याबद्दल माफ करा.

यंदाच्या श्रावणात त्या फटी मिटल्या. एकही फळी उचलली नाही. आई अनवाणी फिरते आणि जुनी फळी कुठली, कोठीतून आणलेली कुठली, हे तिला सांगता येत नाही. कोठीतल्या नव्या फळ्या अजून पिवळ्या आहेत, पण दाराजवळच्या दोन मधासारख्या झाल्यात.

मे महिन्यात जवसाच्या तेलाचा हात द्यायचा आहे. तेव्हा दोन दिवस राहायलाच या. आई वाट पाहतेय.

आपला,
माडीवाल्यांचा धाकटा