आखडलेली तार आणि कागदावरची सुरक्षा : पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

निफाडचा पारा बातम्यांत झळकू लागला की इगतपुरी, घोटी, वैतरणा, त्र्यंबक या पट्ट्यातले रिसॉर्ट भरतात. कसारा घाट चढून येणाऱ्या पाहुण्याला आता खोली आणि हुरडा पुरत नाही. त्याला झिपलाइन (तारेला लटकून घसरत जाणे) हवी, रॅपलिंग (दोराने कडा उतरणे) हवे, रात्री तंबू हवा. मिळू दे की. चार गावांना त्यातून रोजगार आहे, आणि आमचे त्या धंद्याशी भांडण नाही.

२०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने अशा उपक्रमांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी घालून दिली. चांगलेच झाले. पण प्रमाणपत्र ऑफिसच्या भिंतीवर असते आणि माणूस तारेवर लटकत असतो. दरवर्षी दिवाळीपूर्वी जाणत्या माणसाने जागेवर जाऊन, सामान हातात घेऊन तपासणी करावी, ही आमची मागणी. ‘योग्य ती दक्षता घ्यावी’ असे परिपत्रक नको. म्हणून काय तपासायचे तेच लिहितो.

झिपलाइनची २०० मीटर पोलादी तार घ्या. पहाटे ८ अंश आणि दुपारी उन्हात ३३ अंश, म्हणजे २५ अंशांच्या फरकाने ती सुमारे ६ सेंटिमीटर आखडू पाहते. आकडा किरकोळ दिसतो. पण तार ताणली जाते, झोळ कमी होतो, आणि शेवटच्या टप्प्यात वेग खाणारा चढ सपाट होतो. दुपारी अलगद थांबणारा माणूस सकाळी साडेसातला फलाटावर जोरात येतो. म्हणून दुपारची चाचणी सकाळच्या फेरीला चालत नाही. रोज पहिल्या पाहुण्याआधी वाळूच्या दोन गोण्या सोडायच्या, एक ४० किलोची, एक १०० किलोची. हलकी मध्येच थांबते का आणि जड किती वेगाने येते, दोन्ही कळते. शेवटी टायर आणि गादी टांगली की ब्रेक झाला, असे बऱ्याच ठिकाणी समजतात. मुख्य ब्रेक हुकला तर माणसाने हात न लावता लागणारा दुसरा ब्रेक हवा. गादी म्हणजे ब्रेक नव्हे.

मग तारेचे टोक पाहा. ते वळवून त्याच तारेवर क्लॅम्पने आवळलेले असते. क्लॅम्पला एक खाचांची बैठक असते आणि एक यू आकाराचा बोल्ट. बैठक भार घेणाऱ्या तारेवर आणि यू बोल्ट मोकळ्या टोकावर, हा नियम. उलटे बसवले तर यू बोल्ट भाराच्या तारेला चावतो, पदर चेपतात, ताकद घटते. काही जण एक सरळ, एक उलटा बसवतात आणि ‘दोन्ही बाजूंनी पकड’ म्हणून वर समजावूनही सांगतात! १२ मिलिमीटर तारेला किमान ३ क्लॅम्प लागतात, दोहोंमध्ये साधारण ७ ते ८ सेंटिमीटर अंतर. पहिला भार पडला की तार किंचित बारीक होते आणि नट सैल पडतात, ते पुन्हा आवळावेच लागतात. हे बघायला शिडी, टॉर्च आणि पाच मिनिटे पुरतात.

रॅपलिंगमध्ये पहिला प्रश्न दोराचा. बोअरवेलची मोटर सोडायचा पिवळा-निळा दोर स्वस्त असतो, पण तो बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, १६५ अंशांच्या आसपास वितळणारा. भरधाव उतरताना डिसेंडर, म्हणजे दोर ज्यातून सरकतो ते धातूचे साधन, चांगलाच तापतो. गिर्यारोहणाचा नायलॉनचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर १०.५ ते ११ मिलिमीटर जाडीचा असतो. प्रमाणित दोराच्या गाभ्यात एक बारीक फीत असते, तिच्यावर मानक आणि उत्पादनाचे वर्ष छापलेले असते. अधिकाऱ्यांनी टोक उसवून ती फीत वाचावी. दहा वर्षे उलटलेला दोर न वापरताही बाद धरायचा. रोज कातळाच्या धारेवर घासणारा तर हंगामाभरातही बाद होऊ शकतो.

दुसरा प्रश्न बोल्टचा. आपल्या सह्याद्रीत कठीण कातळ आणि सच्छिद्र, ठिसूळ खडक थरावर थर असतात. हातोडी मारल्यावर खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथे बोल्ट ठोकू नये. आणि कितीही भक्कम वाटला तरी एकाच बोल्टवर माणूस सोडू नये. अँकर (दोर बांधायचे आधार) दोन, एकमेकांवर न विसंबणारे, शिवाय बिलेचा, म्हणजे घसरलेल्याला धरणारा, दोर वेगळा.

सर्वांत जास्त होणारी गोष्ट मात्र साधी असते. थंडी म्हणून मफलर, सैल स्वेटर, मोकळे केस. निम्म्यावर आले की डिसेंडरमध्ये अडकतात. माणूस लोंबकळत राहतो. हार्नेसमध्ये (कमरेला-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांत) निश्चल लटकलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. वरचा मुलगा घाईत चाकू घेऊन उतरतो, आणि ताणलेला दोर चाकू नुसता टेकला तरी तुटतो. उपाय जुना आहे. दोर वर पक्का न बांधता, भार असतानाही सोडता येणाऱ्या गाठीने बांधायचा. अडकला की माणसाला वरूनच खाली सोडता येते. तपासणीत विचारावे, ‘ही गाठ आत्ता सोडून दाखवा.’

कड्यावर आग्या मोहोळ असेल तर तिथे रॅपलिंग बंद, चर्चा नको. तंबूत पेटती शेगडी नेण्यावर स्पष्ट बंदी हवी, कारण कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. शेकोटीभोवती वाळके गवत पाच-सहा मीटर काढून माती उघडी करावी, नाहीतर डिसेंबरचा वारा वणवा डोंगरावर चढवतो.

दोर, हार्नेस, क्लॅम्प यांची नोंदवही तिकीटखिडकीवर पाहुण्याला दिसेल अशी ठेवायला लावा. नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या गर्दीपूर्वी, शक्यतो सकाळी सातला, तपासणीचे पथक पाठवा. दहा वाजता गेलात तर तार सैलावलेली सापडेल. पथकासोबत आमच्यातले दोघे येतील, मानधन नको. शिडी आणि वाळूच्या गोण्याही आमच्याच.

आपले,
नाशिकमधील काही गिर्यारोहक व प्रशिक्षक