सतरा वेळा ओमाहा

टॅलाहासी, फ्लोरिडा
8 फेब्रुवारी 2026

ती. स्व. नानाकाकांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ‘क्रिकेट नाही, मग तिथली पोरं मैदानावर करतात तरी काय?’ उत्तर द्यायच्या आत काकूने फोन घेतला आणि गाडी माझ्या जेवणावर गेली. म्हणून हे पत्र.

इथे फेब्रुवारी लागला की बेसबॉल. इथल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचं डिक हाउझर स्टेडियम माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच आहे. कॉलेजात बॅट धातूची असते, त्यामुळे संध्याकाळी रस्त्यापर्यंत टणटण ऐकू येतं. दोन्ही संघांचे नऊ-नऊ डाव, तीन गडी बाद झाले की बाजू बदलायची. नियम इतकेच सांगतो. खरं सांगायचंय ते इथल्या एका मास्तरांबद्दल, कारण तुम्ही शाळेत खो-खोचे संघ उभे केलेत, आणि तेही त्याच जातकुळीतले होते.

नाव माइक मार्टिन. सगळं गाव त्यांना त्यांच्या जर्सीच्या क्रमांकावरून ‘अकरा’ म्हणायचं. जन्म 1944 चा, नॉर्थ कॅरोलायनातला. याच विद्यापीठाकडून खेळले, 1965 साली ओमाहालाही गेले. ओमाहा म्हणजे नेब्रास्का राज्यातलं शहर. 1950 पासून कॉलेज बेसबॉलची शेवटची फेरी दर जूनमध्ये तिथेच होते. देशभरातले तीनशेच्या आसपास संघ फेब्रुवारीपासून झुंजतात आणि ओमाहाला पोचतात आठ. पुढे मार्टिन धंदेवाईक खेळात उतरले, पण खालच्या लीगमधून वर काही सरकले नाहीत. मग गावातल्याच एका कॉलेजात बास्केटबॉल शिकवायला लागले. 1975 ला इथे सहायक म्हणून आले, 1980 ला मुख्य प्रशिक्षक झाले आणि 2019 पर्यंत त्याच जागी राहिले.

या चाळीस मोसमांत 2,029 विजय. अमेरिकेत कॉलेज बेसबॉलच्या कुठल्याही प्रशिक्षकाने इतके सामने जिंकलेले नव्हते. एकही मोसम असा गेला नाही की चाळीसपेक्षा कमी विजय मिळाले. ओमाहाला संघ सतरा वेळा नेला. आणि विजेतेपद? एकदाही नाही. 1986 ला अंतिम सामन्यात ॲरिझोनाने हरवलं, 1999 ला मायामीने, तेही 6-5 असं एका धावेने.

आधीचा विक्रम ऑगी गॅरिडो यांचा होता, 1,975 विजयांचा. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनला त्यांनी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, मग टेक्सासला दोन. मार्च 2018 मध्ये ते वारले आणि मे महिन्यात मार्टिननी त्यांना मागे टाकलं. म्हणजे सर्वांत जास्त विजय ज्याचे, त्याच्याकडे करंडक शून्य; आणि दुसऱ्या नंबरवाल्याकडे पाच. इथल्या कट्ट्यावर हा वाद अजून रंगतो.

काका, मला यात विजयांच्या आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. चार वर्षांच्या कॉलेजात दाखल झालेल्या मुलाला साधारण तीन वर्षं झाली किंवा वय एकवीस झालं की व्यावसायिक संघ त्याला उचलू शकतात. जो चांगला, तो नेमका तयार झाला की जातो. तुमची दहावीची पोरं गेली की तुम्ही जूनमध्ये आठवीच्या वर्गांत धावणारे पाय शोधत फिरायचात, तेच हे. त्यातून शिष्यवृत्त्यांची कसरत. परवापरवापर्यंत एका संघाला मिळून 11.7 शिष्यवृत्त्या असत आणि त्या बऱ्याच मुलांत वाटाव्या लागत. म्हणजे कुणाला अर्धी, कुणाला पाव, आणि आई-बापांना समजवायचं ते वेगळंच! 2025 ला हा नियम गेला, पण मार्टिननी बरीच वर्षं याच हिशोबात संघ उभा केला.

पारखही तशीच. बस्टर पोझी नावाचा मुलगा इथे शॉर्टस्टॉप म्हणून, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या (धावताना गाठायच्या टप्प्यांच्या) मधला क्षेत्ररक्षक म्हणून आला. त्याला फलंदाजाच्या मागे कॅचर म्हणून बसवलं. 2008 मध्ये तो एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागांवर खेळला, चेंडूही टाकला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोकडून त्याने तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम मालिका, जिंकल्या.

करंडक का नाही, याला लोक नशीब म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही. त्यांचे फलंदाज वाईट चेंडू सोडून फुकटचा बेस मिळवण्यात पटाईत होते. मोसमभर त्यावर सामने निघतात, पण ओमाहाला समोर चांगले गोलंदाज असले की वाईट चेंडू येतातच कुठे? हे माझं मत. इथे मोठ्याने बोलण्याची सोय नाही.

2019 च्या शेवटच्या मोसमात संघ स्पर्धेत जेमतेम घेतला गेला होता, 36 विजयांवर. तरी जॉर्जियात गट जिंकला, लुइझियानात जाऊन तिथल्या एलएसयू विद्यापीठाला दोनदा हरवलं आणि ओमाहा गाठलं. चाळिशीही लुइझियानातच पार झाली. ओमाहात पहिला सामना 1-0 जिंकला, पुढचे दोन हरले. मग संघ त्यांच्या मुलाकडे गेला, तीन मोसमांनी त्याला काढलं. ते कसं झालं याबद्दल गावात अजून दोन तट आहेत. 2023 ला तर 23 विजय, 31 पराभव. 1 फेब्रुवारी 2024 ला मार्टिन गेले. त्याच जूनमध्ये संघ पुन्हा ओमाहाला गेला. प्रशिक्षक लिंक जॅरेट, त्यांच्याच हाताखाली खेळलेला. यंदाचा मोसम शुक्रवारी सुरू होतोय, तिकीट काढलंय.

एक विचारायचं राहून गेलं होतं. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री तुम्ही खो-खोच्या पोरांना काही सांगायचात, की सरळ झोपवायचात? सविस्तर लिहा, फोनवर नको. काकूच्या गुडघ्याचा एक्स-रे काढलात का तेही कळवा. मेच्या अखेरीस येतोय, आंबे संपवू नका.

आपला,
बंडू