पेटीतली चार घरं

फोंडा,
१८ ऑगस्ट

प्रिय बाबलो,

सात महिने तुला एक ओळ लिहिली नाही. भाऊंच्या वर्षश्राद्धाला येतो म्हणालो आणि आलो नाही. नंतर फोन केला तोही तू गाडी चालवत असताना, दोन मिनिटांचा. सगळं मनात आहे. पण आज बसलो आहे ते दुसऱ्याच कारणाने. काल रात्री एक गोष्ट झाली आणि ती या घरात कुणाला सांगून कळणार नाही. सुलूला सांगून पाहिली. "कॉम्प्युटरातली टोपी ना?" म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

आईचा गुडघा तसाच आहे, माझी शुगर काठावर, बाकी सगळे बरे.

तुझं हेल्मेट गेलं रे. गेममधल्या आन्याने तुझं नाव घालून दिलेलं. माझ्या शुभ्याने विकलं.

झालं असं की मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याला आपण कॅफेत खेळायचो तो गेम, डायब्लो टू, दाखवला. २०१६ मध्ये १.१४ चा पॅच आला, जुना गेम नव्या विंडोजवर नीट चालायला लागला, तेव्हाच मी माझं पात्र, ती जादूगारीण सॉर्सरेस, लॅपटॉपवर आणून ठेवली होती. पण खेळायला कुणी नव्हतं, म्हणून ती तशीच गेममधल्या हॅरोगाथ गावात सामानाच्या पेटीशेजारी उभी. शुभ्याला वाटलं जुनाट दिसतंय, दोन दिवसांत कंटाळेल. दोन दिवसांनी तो पहाटे पाचला उठून खेळत होता. मग मी त्याच्याजवळ बसून शिकवायला लागलो. बाबलो, इतकं सुख मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

काय शिकवलं? तलवार कशी चालवायची ते त्याला माझ्यापेक्षा बरं येतं. मी शिकवलं ते काय उचलायचं आणि काय सोडायचं. अंगावरच्या झोळीत १० बाय ४, म्हणजे ४० घरं. त्यातली ४ वस्तू एकत्र करून नवी बनवणारा क्यूब खातो, पण क्यूबच्या पोटात १२ घरं असतात, म्हणून तो परवडतो. पोर्टलचं पुस्तक २, ओळखण्याचं पुस्तक २. राहिली ३२. त्यात चार्म, म्हणजे ताईत, ठेवायचे की जागा? चार्म झोळीत असला तरच काम करतो, पेटीत ठेवला की निकामी. मोठा चार्म उभी ३ घरं अडवतो. जितके चार्म जास्त तितका तू बळकट, आणि तितकंच रणातून घरी आणायला कमी. हे त्या पोराला मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो पाच मिनिटं नुसता त्या चौकोनांकडे बघत राहिला, आणि मला तू आठवलास. तू कधीच असा बघत राहिला नाहीस! तुला सगळंच हवं असायचं. तीन फुटके हिरे मिळाले की क्यूबमध्ये टाक, पुढच्या प्रतीचा एक. फुटक्यापासून परफेक्टपर्यंत जायला ८१ लागतात हे मी तुला वहीत मांडून दाखवलं, तरी तू ते फुटके हिरे वेचत सुटायचास, आणि झोळी भरली की गावात जमिनीवर पसरून ठेवायचास. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात म्हाताऱ्या बसतात तसा तू त्या शेकोटीजवळ तुझा माल मांडून बसलेला असायचास. मग जूनमधला पाऊस, लाइट गेली, आणि जमिनीवरचं सगळं नाहीसं. कॅफेवाल्या काकांवर तू किती ओरडलास त्या दिवशी. ते बिचारे हातात मेणबत्ती घेऊन उभे.

मी शुभ्याला माझीच रीत शिकवली. कमरेच्या पट्ट्यात १६ बाटल्या, पहिले दोन रकाने लाल, तिसरा निळा, चौथ्यात जांभळी, आणि बोटं १ ते ४ वर न बघता जायला हवीत. झोळीत २ बाय ४ ची जागा कायम मोकळी, कारण सगळ्यात मोठी वस्तू तेवढीच असते. रणात झोळी उघडायची नाही. उघडली की उजवा अर्धा पडदा झाकला जातो, गेम थांबत नाही, आणि झाकलेल्या बाजूने कोण येतंय ते दिसत नाही. मेलास तर अंगावरचं सगळं प्रेतावर राहतं आणि उघड्या अंगाने ते आणायला जावं लागतं. आणि पेटीतल्या प्रत्येक वस्तूला विचारायचं : आत्ता वापरतोस का, पुढे वापरशील का, क्यूबमध्ये तिचं काही होईल का? तिन्हीला नाही आलं तर विक.

त्याने ते मन लावून ऐकलं. काल जेवायच्या आधी त्याची पेटी भरली. ६ बाय ८, ४८ घरं, एक रिकामं नाही. पोराने खालून वरपर्यंत एकेक वस्तू तपासली. मी बाहेर ओसरीवर बसलो होतो, आतून "हे नको, हे नको" ऐकू येत होतं आणि मला कौतुक वाटत होतं. डाव्या कोपऱ्यात खाली ते हेल्मेट. कमी लेव्हलचं, बचाव नावाला, रत्न बसवायला सॉकेट नाही, थोडी थंडीची रोधकता आणि थोडा जास्त उजेड. चार घरं अडवून बसलेलं. त्याने लारझुक लोहाराला विकलं, सुलूने जेवायला हाक मारली, सेव्ह अँड एक्झिट केलं. तेवढ्यात मी आत गेलो असतो तर दुकानातून परत विकत घेता आलं असतं. एकदा बाहेर पडलं की दुकानातला माल बदलतो, ते तुला माहीत आहे.

जेवताना त्याने हिशोब दिला. मी विचारलं, कोपऱ्यातलं हेल्मेट? म्हणाला, "ते बाबलोवालं? मला आधी वाटलं ताल राशासारखा कुणीतरी असेल, त्याचा सेट जमवायचा असेल. पण सेटचं नाव हिरवं असतं ना, हे पिवळं होतं. म्हणून विकलं." बाबलो म्हणजे कुणीतरी प्राचीन योद्धा! मला हसू आलं आणि घास घशातच राहिला. त्याच्यावर ओरडू कसा? त्याने एकही चूक केली नाही. मी शिकवलं तेच केलं. अंगठी बघ, स्टोन ऑफ जॉर्डन, तिला हात लावला नाही. अंगात घातलेलीच आहे.

आणि याच अंगठीवरून आपण महिनाभर बोललो नव्हतो. नाइटमेअर या दुसऱ्या पातळीवरची राक्षसीण अँडारियल पडली, आपण दोघांनी एकदम क्लिक केलं, मला मिळाली. तू म्हणालास फ्लॉपीवरून कॉपी करू, दोघांकडे एकेक होईल. माझ्या सेव्हची प्रत फ्लॉपीवर बाजूला ठेवायची, अंगठी तुला द्यायची, माझी जुनी सेव्ह परत घालायची, झालं. मी नाही म्हणालो. म्हटलं, कॉपी केली तर तिला काही अर्थ राहत नाही. तू म्हणालास, ज्याच्याकडे आहे त्याला असं बोलायला सोपं जातं. ते बरोबर होतं. मी तेव्हा मान्य केलं नाही, आज करतो. आणि मी त्या एका हट्टापायी पुढेही सेव्हची दुसरी प्रत कधी ठेवली नाही. ठेवली असती तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

तू २००३ मध्ये पुण्याला गेलास त्याच्या आदल्या संध्याकाळी आपण कॅफेत शेवटचे बसलो. तू पेटीजवळ आलास, ते हेल्मेट खाली टाकलंस आणि म्हणालास, "उचल." मी म्हटलं, हे काय करू, आन्या एका पातळीवर एकदाच नाव घालून देते आणि तू ते असल्या हेल्मेटवर वाया घालवलंस. तू बोलला नाहीस. मग मी ते उचललं. त्या दिवसापासून त्याने चार घरं घेतली ती घेतलीच. कितीदा मला त्या जागेची गरज पडली. एकदा चांगलं चिलखत जमिनीवर सोडून आलो. ते हेल्मेट कधी हलवलं नाही, आणि का हलवत नाही तेही स्वतःशी कधी बोललो नाही. म्हणून तर पोराला सांगायचं राहिलं. तीन प्रश्न शिकवले, चौथा शिकवलाच नाही, आणि तो कुठल्या शब्दांत शिकवायचा ते आज पहाटे पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजेपर्यंत मला सापडलं नाही.

शुभ्या म्हणतो, बाबा, २०२१ ची नवी आवृत्ती घेऊ, त्यात पेटी १० बाय १० ची आहे, वर सगळ्या पात्रांत सामायिक कप्पे आहेत, काहीच विकायला नको. घेईन कदाचित. पण ४८ घरांत आपण जे भांडलो, ते एवढ्या मोठ्या पेटीत भांडलो असतो का? दुसऱ्या पात्राकडे माल सरकवायला आपल्याला दोन कॉम्प्युटर, दोन माणसं आणि दोघांचे तासाचे पैसे लागायचे. एकट्याने करताच यायचं नाही. म्हणून तर रोज भेटायचो.

तुझं काय? नवीन घराचं पझेशन मिळालं का? वहिनींची बदली रद्द झाली असं माई म्हणाली, बरं झालं. मुलीचा दहावीचा निकाल कळला, शाबासकी सांग. लक्षो परवा भेटला, अजून तसाच, माझ्याकडून चहा पिऊन गेला.

आता खरं काम. माई म्हणाली, तू चवथीला येणार आणि गणपतीवरची फळापानांची माटोळी उतरली की भाऊंची खोली रिकामी करणार. बाबलो, त्यांच्या टेबलाचा खालचा खण मी सांगेपर्यंत उघडूही देऊ नकोस. भाऊंनी पणजीहून तुला १० फ्लॉप्यांचा डबा आणला होता, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, आणि त्यातली एक तू त्याच दिवशी गेमला घेतलीस. त्यांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनीच तिच्यावर कागद चिकटवून शाईच्या पेनाने लिहिलं, "बाबलो – खेळ". पावसात तू ती दुधाच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या खिशात घालून आणायचास. ती त्या खणात आहे. भाऊ गेले तेव्हा मी कागदपत्रं शोधायला तो खण उघडला होता, मी पाहिली आहे. तेव्हा तुला सांगायचं सुचलं नाही.

एवढ्या वर्षांच्या दमटात ती वाचली जाईल की नाही सांगता येत नाही. पण सेव्हची फाइल काही केबींची असते, एवढासा तुकडा शाबूत राहिला तरी पुरे. मी यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह शोधतो आहे. वाचली तर तुझं पात्र, ती धनुर्धारी अमेझॉन, परत उभी राहील. तिने नॉर्मल ही पहिली पातळी संपवली होती आणि ती नाइटमेअरमध्ये पहिल्याच अंकात होती. आन्या प्रत्येक पातळीवर एकदा नाव घालून देते, म्हणजे नाइटमेअरचं तुझं शिल्लक आहे. निहलाथॅकला मारल्यावरच ती ते देते, आणि त्याच्यापर्यंत पोचायला चार अंक आणि वर थोडं, तिघे बसलो तर दोन रात्री. शुभ्या म्हणतो, तो पुढे राहील, तू मागून बाण मार.

वाचली नाही तरी फ्लॉपी टाकू नकोस. मला दे.

उत्तर नको लिहूस, येतानाचा दिवस कळव. मी स्टँडवर येतो.

तुझा,
नंदू

ता. क. शुभ्याला सकाळी सांगितलं, बाबलो कोण ते. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने पेटी उघडून डाव्या कोपऱ्यातली चार घरं रिकामी केली.