केंड मासा आणि त्याचे भाऊबंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंड माशांनी (अंग फुगवणाऱ्या पफर फिशनी) जाळी फाडल्याची बातमी आपल्या दैनिकात नुकतीच वाचली. मच्छीमारांचे नुकसान तिच्यात नेमके मांडले होते, त्याबद्दल आभार. मात्र सोबतचे छायाचित्र केंडाचे नव्हते. ते निळसर काळ्या अंगाच्या, लाल दातांच्या ट्रिगर माशाचे होते. दोघे एकाच गणातले, म्हणजे लांबचे भाऊबंद खरे. परंतु केंडाच्या यकृतात आणि अंडाशयात साठणाऱ्या जीवघेण्या विषाशी या ट्रिगर माशाचा संबंध नाही, म्हणून ही चूक किरकोळ मानता येत नाही.

या गणाला शास्त्रात टेट्राओडॉन्टिफॉर्मिस म्हणतात आणि त्यात दहा कुले व चारशेहून अधिक जाती मोडतात. नावाचा अर्थ ‘चार दातांचे’ असा आहे आणि तो अर्थ किनाऱ्यावर उभे राहून स्वतः तपासता येतो. रापणीत आलेला मेलेला केंड हातात घेऊन त्याचे ओठ मागे सारले, की वर दोन आणि खाली दोन अशा पांढऱ्या, टणक पाट्या दिसतात. दोन्ही जबड्यांवर मधोमध एक बारीक उभी फट असते आणि सगळे मिळून पोपटाच्या चोचीसारखे भासते. साळिंदरासारखे काटे अंगावर बाळगणाऱ्या माशांत ही फटच नसते, म्हणून ते दोन दातांचे, डायोडॉन. ट्रायोडॉन नावाच्या माशात फट वर असते, खाली नसते, म्हणून दात तीन. त्याच्या कुलात आज ही एकच जात जिवंत आहे. ट्रिगर माशाचे दात मात्र सुटे असतात आणि त्याच्या पाठीवरचा पहिला काटा उभा राहिला की दुसरा काटा त्याला खिटीसारखा अडकवून धरतो. पेटीमाशाचे अंग षट्कोनी तकटांच्या कवचात बंद असते. एवढ्या खुणा ठाऊक असल्या तरी छायाचित्राची गफलत सहज टळली असती.

नात्यांचा हा गुंता जुनाच आहे. सजीवांच्या शास्त्रीय वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनीयसने १७५८ साली अजस्र मोला माशाला केंडांच्याच टेट्राओडॉन प्रजातीत बसवले होते. पुढे तो वेगळा काढला गेला, पण नाते तुटले नाही: शेपूट नसलेल्या या माशाची काही मिलिमीटरांची पिल्ले अंगभर काटे घेऊन तरंगतात, तेव्हा ती केंडांच्या गोतातली आहेत हे पाहताक्षणी पटते. मोलाच्या कुलातला एक मासा २०२१ मध्ये अझोर्स बेटांजवळ मृतावस्थेत सापडला, त्याचे वजन २,७४४ किलो भरले. त्याच गणातला, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातील नद्यांत राहणारा बुटका मलबारी केंड साडेतीन सेंटिमीटरांच्या आतबाहेर असतो. हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांसाठी तो नदीतून पकडून नेला जातो आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून आहे, ही गोष्ट मला फार लागते.

विषाबाबतही सरसकट बोलणे बरे नाही. टेट्रोडोटॉक्सिन हे विष मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग अडवते, त्यामुळे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. ते शिजवून नाहीसे होत नाही आणि त्याला उतारा नाही. जातीगणिक, अवयवागणिक आणि ऋतूगणिक त्याचे प्रमाण बदलते, म्हणूनच ‘आम्ही खाल्ला, काही झाले नाही’ या सांगोवांगीवर कोणीही विसंबू नये. युरोपीय संघाने केंड, काटेरी केंड आणि मोला यांची कुलेच्या कुले बाजारात विकण्यास बंदी केली आहे, ट्रिगर माशांचे कुल त्या बंदीत नाही. वर्गीकरण तेथे थेट कायद्याच्या कलमात उतरले आहे.

जाळी फाडण्याचा प्रश्नही जातीशी जोडलेला आहे. जाळ्यात अडकलेल्या म्हाकुलांवर केंड तुटून पडतात आणि त्या चोचीने जाळीसकट लचका तोडतात. केरळच्या किनाऱ्यावर हा उपद्रव वाढला, तेव्हा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध मोडशासारखे (कोबिया), केंडाला खाणारे मोठे मासे घटण्याशी जोडला. आपल्याकडेही असेच घडते आहे का, हे ठरवायचे तर कोणत्या बंदरावर कोणता केंड किती आला याची नोंद जातीच्या नावानिशी व्हायला हवी. ‘केंड’ एवढेच लिहून भागणार नाही.

आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती आहे, की पुढच्या वेळी माशाचे छायाचित्र कुशीवरून घेतले तरी त्याच्या तोंडाचे एक समोरून जरूर घ्यावे आणि तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, मालवण